शनिवारचा ट्राउट

मिशिगनच्या बर्फाला राजेशने सोळा हिवाळे मनसोक्त शिव्या घातल्या. नोव्हेंबरात पहिली भुरभुर सुरू झाली की नोव्हाय गावातल्या घरात याचं तोंड सुटायचं, ते एप्रिलपर्यंत मिटायचं नाही. कुठे येऊन पडलो, ड्राइव्हवे साफ करून करून कंबर गेली, सूर्य नावाची काही चीज असते की नाही, वगैरे वगैरे. आणि यंदा जानेवारीत त्याच्या बायकोला, रुपालीला, चँडलरहून नोकरीची ऑफर आली, आणि त्याच आठवड्यात राजेशचं बर्फावर प्रेम जडलं. योगायोग हो, दुसरं काय!

चँडलर म्हणजे ॲरिझोना. म्हणजे बारा महिने ऊन, ज्याच्यासाठी हा माणूस सोळा वर्षं गळा काढत होता. तिथल्या एका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीला त्यांची अख्खी टेस्टिंग लॅब चालवायला माणूस हवा होता, आणि त्यांना ती रुपालीच हवी होती. फेब्रुवारीतल्या एका सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, आन्याला, विचारलं तर तिने एका ओळीत निकाल लावला. "मॉम, जस्ट टेक इट."

राजेश मात्र समंजस नवरा. तो म्हणाला, "तुझं करिअर, तुझा निर्णय. माझा फुल सपोर्ट आहे."

आता एवढं ऐकून कुणीही बाई सुखावेल. रुपाली सावध झाली. राजेशचा फुल सपोर्ट तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिला ड्रायव्हिंग शिकायचं होतं तेव्हाही तो होता आणि मास्टर्स करायचं होतं तेव्हाही होता, आणि दोन्ही वेळा तो पार करून पलीकडे जाता जाता तिचा जीव मेटाकुटीला आला होता. नाही म्हणणारा नवरा परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं.

दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "मला काय वाटतं माहितेय? आपण मिशिगन खरं अनुभवलंच नाही यार."

"अच्छा?"

"लोक इथे लांबून लांबून येतात. आइस फिशिंगला. आणि आपण सोळा वर्षं घरात बसून चहा पितोय."

"मी ऑफिसला जाऊन येते मधूनमधून," रुपाली म्हणाली. पण तोवर राजेशचा फोन बाहेर निघाला होता.

मग घरी खोकी यायला लागली. तंबू आला. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं माणसाएवढं गिरमिट आलं. मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं. हातभर लांबीच्या दोन गळकाठ्या आल्या, त्या इतक्या इटुकल्या की आन्याच्या लहानपणीच्या खेळण्यात खपून गेल्या असत्या. आणि आला तो व्हिडिओवाला दाढीवाला. तो रोज संध्याकाळी राजेशच्या फोनमधून, रुपालीच्या ओट्यावर, तिच्या पोळपाटाशेजारी उभा राहून ट्राउट मासा कसा धरायचा ते सांगायचा.

शिकायचं ते एवढंच होतं. भोकातून दोरा खाली सोडायचा. त्याच्या टोकाला चमचमता पत्रा आणि त्याच्या गळाला अळी. तो पत्रा वरखाली नाचवायचा, याला म्हणायचं जिगिंग. थोडा उचलायचा, अलगद सोडायचा, आणि मग थांबायचं. दाढीवाल्याचा सगळा जीव त्या थांबण्यात होता. तो म्हणायचा, ट्राउट नाचताना बघायला येतो आणि पडताना धरतो, आता बघा, मी काहीही करणार नाही... आणि इथे राजेश बोटाने व्हिडिओ पुढे ढकलायचा. कारण काय, तर त्यात काही होत नाहीये. प्रोग्रॅम मॅनेजर माणूस, काही होत नाहीये हे त्याला बघवायचं नाही.

मग तो गॅरेजमध्ये जाऊन बादलीत सराव करायचा. ताक घुसळावं तसा तो आवाज घरात यायचा. रुपाली पोळी उलटता उलटता मनात म्हणायची, अरे बाबा, थांब आता, थांब. तिला दाढीवाल्याचं प्रवचन पाठ झालं होतं, तेही स्वतःच्या इच्छेविरुद्ध.

तशातच त्यांच्याकडचं हळदीकुंकू आलं. राजेश मराठी मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे नोव्हाय आणि ट्रॉयमधल्या यच्चयावत बायकांना आमंत्रण. पुऱ्या झाल्या होत्या, बटाट्याची भाजी झाली होती. त्यातल्या देवयानीला मदतीचा भारी उत्साह. तिने फ्रिज उघडला, श्रीखंडाचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा घातला, आणि अशी किंचाळली की गॅरेजमधलं घुसळणं थांबलं.

डब्यात भुसा होता आणि भुशात पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या. आता ज्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबा कधी फेकलाच जात नाही, ज्या घरात श्रीखंडाच्या डब्यात डाळ, मेथी, बटणं आणि जुन्या चार्जरच्या वायरी राहतात, त्या घरात राजेशने अळ्या आणखी कशात ठेवायच्या? शेजारी खऱ्या श्रीखंडाचा डबा तस्साच उभा होता. दोघांच्याही झाकणावर तोच केशर-वेलचीचा फोटो.

राजेश धावत आला. "अहो घाबरू नका, वॅक्सवर्म आहेत ते. क्लीन असतात एकदम."

त्या दिवशी श्रीखंड कुणी खाल्लं नाही. देवयानीने तर वाणसुद्धा दोन बोटांत धरून नेलं.

सगळ्या गेल्यावर रुपालीने त्याला समोर बसवलं. "राजेश, मी ही नोकरी घेतलेली तुला नकोय का? सरळ सांग. नको असेल तर नको म्हण."

"छे छे! असं कुठे म्हटलं मी?"

"मग हे काय चाललंय?"

"हॉबी आहे गं. तू ना, उगाच दोन गोष्टी कनेक्ट करतेस." मग अगदी सहज सुचल्यासारखं, "तू एकदा माझ्याबरोबर लेकवर चल. फक्त एकदा. आपण काय सोडून चाललोय ते बघ, आणि मग सोमवारी काय ते कळव."

त्याने एकदा, फक्त एकदा, मला यायचं नाही गं असं म्हटलं असतं, तर रुपाली कदाचित रडली असती, भांडली असती, कुणी सांगावं, ऐकलंही असतं. पण अध्यक्षांना ठराव मांडायची सवय, मनातलं मांडायची नाही. ती येते म्हणाली.

जायचा दिवस ठरला शनिवार. कारण रविवारी अध्यक्षांची मराठी शाळा असते. आता शनिवारची गंमत अशी, की राजेश शनिवारी मांसमच्छीला शिवत नाही. खात नाही एवढंच नाही, शिवतही नाही. मारुतीचा वार. लहानपणापासूनचा नेम, तो अमेरिकेतही त्याने मोडला नाही, कौतुकच आहे. आणि हाच माणूस महिनाभर दर शनिवारी न चुकता पहाटे उठून मासे धरायला जात होता. यातला घोळ त्याच्या लक्षात येण्याचं कारणच पडलं नव्हतं, कारण एकही मासा त्याला लागला नव्हता. रुपालीच्या हे पहिल्याच शनिवारी लक्षात आलं होतं. पण ती बोलली नाही. आयुष्यात काही सुखं अशी असतात की ती बोलून घालवू नयेत.

नोव्हायहून वर दोन-अडीच तासांवरचं ते तळं. सरकारी माणसं त्यात ट्राउट आणून सोडतात. गेलं की समोर पांढरं सपाट माळरान, त्यावर लांब लांब ठिपक्यांसारखे चार-सहा तंबू, आणि वारा असा की नाक आहे की गळालं ते हात लावून बघावं. राजेशने गिरमिट लावलं. बर्फ फूटभर जाड होता. दोन भोकं पाडली, आणि त्यातला बर्फाचा चुरा काढायला पिशवीतून रुपालीचा पुऱ्या तळायचा झारा काढला.

"हा माझा झारा आहे."

"परफेक्ट बसतो बघ भोकात! वेगळा कशाला घ्यायचा?"

घरात एवढी खोकी आली, त्यात झारा तेवढा जास्तीचा खर्च वाटला वाटतं. रुपाली उलट्या बादलीवर बसली. राजेशने स्वतःच्या भोकाशेजारी ते पडद्याचं यंत्र मांडलं आणि घुसळायला सुरुवात केली. त्याबरोबर प्रवचनही सुरू झालं. बघ कशी शांतता आहे. असं आकाश मिळेल का तिकडे? तिकडे वाळवंट, विंचू, आणि उन्हाळ्यात कारचं हँडल धरलं तर हात भाजतो म्हणे. शांततेबद्दल तो अर्धा तास सलग बोलला.

रुपालीने दोरा सोडला. पहिल्यांदा तिने पत्रा फार वर उचलला, दोरा सैल पडून हातातल्या जाड मिटनला गुंडाळला. सोडवला. मग मनगटातल्या मनगटात, भाजीला मीठ भुरभुरावं एवढंच हलवून बघितलं. उचल, सोड. थांब. पाण्यात खाली तो पत्रा डगमगत जाताना काठीच्या टोकाला कळत होता. थांबलं की सगळं थांबायचं. पुन्हा उचल, सोड, थांब. बोटं बधिर झाली, पाय बधिर झाले, आणि खूप दिवसांनी तिचं डोकंही जरा गप्प बसलं. तिला चक्क बरं वाटायला लागलं, आणि या गोष्टीचा तिला रागही आला.

"अगं हलव ना! झोपलीस का?" राजेश म्हणाला. "मूव्हमेंट पाहिजे. माझं बघ."

"तुझं बघतेय महिनाभर."

तिने पुन्हा पत्रा उचलून सोडला. दोरा खाली जात होता. अजून बराच जायला हवा होता, आणि तो मध्येच थांबला. झटका नाही, ओढ नाही, नुसता थांबला. दाढीवाला हेच सांगत असणार, राजेशने ढकललेल्या त्या भागात. रुपालीने काठी उचलली, आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी जीव खाऊन ओढलं.

"राजेश! आहे! लागलाय!"

"काय? कुठे? सोड, सोड! नाही, ओढ! अगं ओढ ना! सैल कर!" यंत्राला लाथ मारून, बादली पाडून तो धडपडत आला आणि त्याने सरळ काठीला हात घातला. "दे इकडे. सटकेल. तुला नाही जमायचं."

"हात लावायचा नाही," रुपाली म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने, पण राजेशचा हात जागच्या जागी राहिला. ती दोरा गुंडाळत गेली. मासा ओढायला लागला की द्यायची, दमला की घ्यायची. एकदा तो बर्फाच्या कडेखाली घुसला तेव्हा गेलाच असं वाटलं. मग भोकात काळं डोकं दिसलं, आणि पाण्यासकट एक हातभर लांबीचा ट्राउट बर्फावर येऊन आपटला. अंगावर ठिपके, कुशीवरून गुलाबी पट्टा. रुपाली ओरडलीच. लहान पोरीसारखी, दोन्ही हात वर करून. दूरच्या तंबूतून कुणीतरी शिट्टी वाजवली.

"गळ काढ," ती धापा टाकत म्हणाली. "माझी बोटं चालत नाहीत."

राजेश पुढे झाला, वाकला, आणि तसाच थिजला. "रुपाली, आज शनिवार आहे."

"हो का? बाई बाई!"

"मी कसा हात लावू?"

"अळ्या लावतोस की सकाळपासून."

"अळ्या आपण खातो का?" तो कळवळून म्हणाला. यावर काय बोलणार, शास्त्र बिनतोड होतं. शेवटी रुपालीनेच दातांनी मिटन ओढून काढलं आणि गळ सोडवला. राजेश माशाभोवती दोन फेऱ्या मारून आला. माशाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "ग्लोव्ह घातल्यावर चालत असेल, नाही का? डायरेक्ट टच तर नाही होत."

आणि मारुतीने काही हरकत घ्यायच्या आत त्याने दोन्ही ग्लोव्ह चढवून मासा छातीशी धरला. "काढ, काढ पटकन फोटो! माझ्या फोनवर काढ."

रुपालीने काढला. खरंच सांगायचं तर तिला तेव्हा काही वाटलं नाही, ती आनंदात होती. मासा बर्फावर ठेवून राजेश पाठ फिरवून फोनवर टाइप करत बसला. ती हात काखेत घालून शेकत राहिली. मग तिचाच फोन खिशात थरथरायला लागला, थांबेचना, म्हणून तिने बघितला.

मंडळाच्या ग्रुपवर फोटो होता. छातीशी ट्राउट धरलेला राजेश. खाली लिहिलं होतं, "फायनली! मिशिगनने कौल दिला, मंडळी!" आणि त्याखाली नुसता पाऊस. अध्यक्ष, मानलं तुम्हाला. राजेशदादा, काय मासा धरलाय! वहिनींची मजा आहे, आज ताजं कालवण. एकाने विचारलं होतं, मग चँडलर कॅन्सल ना?

राजेशने उत्तर दिलं होतं, "ऑलमोस्ट."

रुपालीने तो शब्द वाचला. पुन्हा वाचला. सहा फुटांवर तो पाठमोरा उभा राहून अंगठे दाखवणाऱ्या लोकांना हात जोडल्याची चित्रं पाठवत होता. मासा आपण धरला असं त्याला खोटं बोलायचंही नव्हतं बहुतेक, त्याच्या लेखी तो मासा घरचाच होता, आणि घरातलं जे काही असतं ते त्याचं असतं. तिची ऑफरही तशीच घरची होती. ती घ्यायची की नाही हे त्याने ग्रुपवर ठरवूनही टाकलं होतं. एवढं गार पडलेलं असताना तिच्या अंगाची आग आग झाली.

तिने मेल उघडला. बधिर बोटांनी तीन ओळी लिहायला बराच वेळ लागला.

"काय करतेस?" राजेशने वळून विचारलं.

"कळवतेय त्यांना. येते म्हणून."

"अगं सोमवारपर्यंत वेळ आहे ना!"

"आहे की," रुपाली म्हणाली आणि बटण दाबलं. रेंजचा एकच दांडा होता. चाक फिरलं, फिरलं, आणि मेल गेला.

राजेशने आधी आरडाओरडा केला. असं कुणी ठरवतं का, मला एका शब्दाने विचारलं नाहीस, इथे माझा जॉब, मंडळ, शाळा, गणपती, सगळं मी उभं केलंय, ते काय वाऱ्यावर सोडू? मग त्याचा आवाज मध्येच फाटला.

"तिकडे मी कोण असेन गं? इथे चार लोक दादा म्हणतात, विचारतात. तिकडे मी नुसता तुझा नवरा असेन. रुपालीचा मिस्टर."

"हे होतं तर! आणि हे बोलायला तुला महिना लागला? तोवर मला अळ्यांवर ठेवलंस?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते गालावरच गार होत होतं. "आणि मी कोण होते रे इथे सोळा वर्षं? राजेशच्या मिसेस. मेले का मी त्याने?"

मासा बर्फावर तडफडत भोकाच्या कडेशी गेला होता. राजेशने खाली बसून, झाऱ्याने, त्याला हलकेच पाण्यात ढकललं. शनिवार पाळला एकदाचा. बराच वेळ तो त्या भोकाकडेच बघत बसून राहिला. या खेपेला व्हिडिओवाला सांगायचा तेवढं थांबला. मग वर न बघता बारीक आवाजात म्हणाला, "तिकडे मला काही काम मिळेल का गं?"

रुपाली दचकली. कारण हा प्रश्न तिचा होता. सोळा वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या विमानतळावर, कडेवर आन्या, समोर बॅगा, डिपेंडंट व्हिसावर उतरलेल्या इंजिनियर मुलीने पार्किंगमध्ये याला हेच विचारलं होतं, अगदी याच आवाजात. बॅगा डिकीत टाकता टाकता हा हसला होता. म्हणाला होता, "तुला कशाला काम हवंय? आराम कर की. मी आहे ना." तो व्हिसा नोकरी करू द्यायचा नाही, त्यामुळे पुढची सहा-सात वर्षं तिने आराम केला. भिंतींकडे बघत, व्हिसाच्या बातम्या वाचत, वेड लागायची पाळी येईपर्यंत आराम केला. तेव्हापासून ते वाक्य ती जपून ठेवून होती. आता जिभेवर आलं होतं, शब्द न् शब्द फिट बसला असता, आणि त्याची लायकीही तीच होती.

"मिळेल," ती म्हणाली. "शोधू आपण."

आणि इतकं चांगलं वागल्याबद्दल तिला स्वतःचाच भयंकर संताप आला.